पाचवा डबा

११ जानेवारी, रविवार

वाळू! घरची चहा पावडर भरून डबा हलवला तर आत वाळू भरलीये असं वाटतं. आणि आमचे जयवंत सर डबा हातात घेतला की आधी कानाशी नेऊन हलवतात, मग डोळ्यांनी बघतात. प्रोजेक्ट आहे पानाच्या सुट्ट्या चहाच्या पॅकेजिंगचं. आतून वाळू वाजली तर गेलंच सगळं. सरांनी नमुन्याला खरा पानाचा चहा दिलाय, तो मूठभर. डबे करायचेत बारा.

पण आयडिया आलीये. कॉलेजच्या मागच्या कुंपणापाशी लांब निमुळत्या पानांचा ढीग पडलेला असतो. सुकली की वळतात. कात्रीने बारीक केली तर कोण ओळखणार? पिशवी भरून घरी आणलीत.

२३ला ज्युरी, सगळ्यांसमोर प्रोजेक्टची परीक्षा. नापास झाले तर पप्पा बोलणारच – तरी सांगत होतो, डिझाइन कसलं, बी.कॉम. कर.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सगळे पतंग उडवत होते आणि मी गच्चीच्या कोपऱ्यात पाला वाळवत होते. पानं कापली, लाकडाच्या काळ्या पॉलिशमध्ये बुडवली, वर लॅकर मारला. आज डब्यांत भरली. वर चिमूटभर खरा चहा आणि वेलचीच्या अर्काचे दोन थेंब. झाकण उघडलं की – झकास! वर्गातला सर्वेश आला होता, वास घेऊन बोलला, एक कप टाक ना यार.

हलवला की आवाज पण पानाचाच येतो. मी हुशार आहे. कुणी म्हणत नाही म्हणून मीच लिहून ठेवते.

१८ जानेवारी, रविवार

आम्ही दोघं दिवसभर अंधेरीला सर्वेशकडे ज्युरीचे बोर्ड चिकटवत होतो. घरी आले तर आईचं हळदीकुंकू होऊन गेलेलं. अठ्ठावीस बायका आल्या म्हणे. पाय दुखतायत म्हणाली, पण स्वारी खूश होती.

१९ जानेवारी, सोमवार



चार डबे कॉलेजात आहेत. उरलेले आठ कपाटावर पिशवीत ठेवलेले. सकाळी पिशवी काढली तर हलकी. आत तीन!

आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. वाण कमी पडलं गं, म्हणाली. वाट्या आणलेल्या चोवीस आणि बायका आल्या जास्त. कुणाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? तुझे डबे नुसते पडलेले, वाण म्हणून देऊन टाकले. मग मागे वळून हसली.

"सगळ्यांना सांगितलं, माझ्या दिशाने केलाय."

वाण म्हणून! लॅकर आणि पॉलिश, वेलचीचा वास लावून! आणि डब्यावर मीच सुबक अक्षरात छापलंय – पाणी उकळा, पानं घाला, तीन मिनिटं झाकून ठेवा. आईला सांगणार होते. तोंड उघडलं पण होतं. तिचा तो चेहरा बघितला आणि बोलले, शाई चुकलीये, सरांना सगळे डबे परत हवेत. आधीच तिला बीपी आहे.

तिने चार नावं सांगितली. दोन घरं लगेच केली. तळमजल्यावरच्या रुक्मिणीकाकींनी डबा उघडून तसाच ठेवला होता. "पाला गो ह्यो. पावडर असती तर घातली असती." देवा, तिच्या पावडरीला शंभर वर्षं आयुष्य दे. दुसऱ्या घरी उघडलाच नव्हता. उरलेल्या दोन घरांना दिवसभर कुलूप.

२० जानेवारी, मंगळवार

कॉलेजच्या माळ्याला, काशीरामला, सहज विचारलं ते झाड कसलं. काल रात्रीपासून मनात येत होतं.

"ती? कण्हेर की. कुंपणाला बरी, गुरं तोंड लावत नाहीत." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "पोटात नाही ना गेलं कुणाच्या? माणूस मरतं त्यानं."

अंधेरीच्या कॉलेजातून भांडुपला घरी कशी पोचले आठवत नाही. धावत दुसऱ्या मजल्यावर, काल कुलूप होतं त्या सपनावहिनीकडे. दार उघडंच. तिचा भाऊ आलेला, गॅसवर पाणी उकळत होतं, ओट्यावर माझा डबा – उघडा – आणि तिच्या हातात चमचा. मी चपला घालून तिच्या किचनमध्ये घुसले. डबा खेचलाच. चमच्यातलं सिंकमध्ये सांडलं. बोलले, शाईचा रंग उतरतो आतमध्ये, सर ओरडलेत. ती बोलली, एवढा घमघमाट सुटलेला, बाई तुझे सर खडूसच दिसतायत. मग तिने नेहमीची पावडर टाकली आणि मला पण अर्धा कप दिला. मी तो प्यायले.

चौथा डबा तिच्या समोरच्या घरात मिळाला. सीलबंद.

२१ जानेवारी, बुधवार

चार मिळाले. तीन घरात होते. सात.

आठ होते! सोमवारी घाईत हिशोबच केला नाही. पंधरा वेळा मोजलं. कपाट, पलंगाखाली, माळा, सगळं काढलं. आई म्हणते चारच दिले, तूच मोजायला चुकली असशील. असं म्हणताना ती तांदूळ निवडत होती आणि वर बघितलं नाही. परत विचारलं तर खेकसली – कितीदा तेच तेच!

सात डब्यांतला पाला सुटकेसमध्ये कुलूप लावून ठेवलाय. कचऱ्यात टाकला आणि गायीने खाल्ला तर? आता मला सगळ्यात विष दिसतं. आई चहा देते तेव्हा आधी गाळणीत बघते.

हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांच्या घरी जाऊन आले. खोटं आता सराईतासारखं येतं तोंडात. कुणाकडेच नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

एलबीएस रोडवरून ॲम्ब्युलन्स गेली की खिडकीत धावते. आमच्या गल्लीत वळत नाही ना, एवढंच बघते. जेवण जात नाही. आई म्हणते ज्युरीचं टेन्शन.

दुपारी जिन्यात चौथ्या मजल्यावरच्या वनमालाकाकू भेटल्या. एकट्याच राहतात, काका जाऊन सहा वर्षं झाली. बहिणीकडे निघालेल्या मुलुंडला, दोन-तीन दिवस. विचारलं, काय गं दारोदार फिरतेस? म्हटलं काही नाही, कॉलेजचं. त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली. तेवढीच पाच मिनिटं डोकं शांत होतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

ज्युरी झाली. कॉलेजमधल्या चार डब्यांत कण्हेर ठेवायची हिंमत नव्हती, काल त्यांत घरची पावडर भरली. सरांनी कानाशी नेऊन हलवला.

"वाळू भरलीस का?"

सगळे हसले. मग सरांनी डबा टेबलावर ठेवला, लांब जाऊन बघितला आणि म्हणाले, दिसायला असा झालाय की माणूस डोळे मिटून विकत घेईल, विश्वास बसतो बघितल्यावर. पास. चांगले मार्क. सर्वेशने पाठीत गुद्दा घातला.

डोळे मिटून! कुठल्या तरी घरात कुणी तरी डोळे मिटूनच घेईल.

२४ जानेवारी, शनिवार

आईला सांगितलं. सगळं. पोलिसात जायला लागलं तरी चालेल, पण आता सहन होत नाही.

ती ओट्याला धरून खाली बसली. मला वाटलं बीपी. पण ती कपाळावर हात मारून घेत होती.

पाचवा डबा तिने वनमालाकाकूंना दिला. त्या दिवशी सगळ्या बायका गेल्यावर, तिळगूळ घेऊन, गुपचूप वर जाऊन. काकूंनी कपाळाला लावून घेतलं नाही, म्हणून आईने हळदकुंकू डब्याला लावलं आणि डबा हातात ठेवला. पूर्वी दरवर्षी सगळ्यात आधी काकूच यायच्या म्हणे. कुणाला बोलायचं नाही असं दोघींचं ठरलं. चार बायका काय म्हणतील, म्हणून माझ्याशी पण खोटं बोलली.

आणि मी? तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत एक दार सोडलं नाही. चौथ्यावर चढलेच नाही. कारण वाण कुणाला देतात आणि कुणाला नाही, ते मलाही पाठ आहे. मोठी डिझायनर!

दोघी वर धावलो. कुलूप. फोन लागत नाही. पिशवी – रिक्षापर्यंत मीच नेली ती पिशवी! बहिणीसाठी डबा त्यात टाकला असेल तर? आईला बहिणीचा नंबर माहीत नाही, पत्ता माहीत नाही, मुलुंड एवढंच. खालचा वॉचमन म्हणतो उद्या सकाळी येणार बोलून गेल्यात.

आई देवासमोर बसलीये. मी जिन्यात बसून लिहितेय. काकू, घोटभर पण पिऊ नका. प्लीज.

२५ जानेवारी, रविवार

काकू आल्या. ठणठणीत. डबा घरातच होता, कपाटात ठेवणीतल्या साड्यांवर. सील तसंच, वर हळदकुंकू तसंच. डबा परत हवा म्हटल्यावर स्वतःच आणून माझ्या हातात दिला.

"कुणी बोललं ना तुझ्या आईला? ने. मला वाटलंच होतं."

मी उंबऱ्यातच बसले आणि खरं ते सगळं सांगितलं – पॉलिश, लॅकर, कण्हेर, माणूस मरतं ते पण. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"एवढं कशाला रचून सांगतेस गं? आईला सांग, मला राग नाही आला."