स्वच्छ बांधाचा पहिला क्रमांक मला नको

दिनांक : १४ सप्टेंबर २००२

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
आदर्श शेतबांध प्रकल्प,
घोडेगाव, ता. आंबेगाव, जि. पुणे.

विषय : स्वच्छ बांध स्पर्धेतील प्रथम क्रमांक, शाल व प्रशस्तिपत्र नाकारण्याबाबत.

संदर्भ : आपले अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

मी द्रौपदा जयवंत रणपिसे, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार शिनोली. ओढ्याकाठी आमची अर्धा एकर जमीन असून पावसाळ्यात तीत काकडी व लाल भोपळा असतो. ज्या बांधाला आपण पहिला ठरवले तो या जमिनीचा. तो मी स्वच्छ केलेला नाही. माझ्या माघारी आपल्या माणसांनी तो उजाड केला, हे आधी नमूद करते.

१. उन्हाळ्यात आपण पाहणीस आला होता. बांधावर निरगुडी, घाणेरी, रानतुळस वाढलेली होती आणि जुन्या उंबराच्या ढोलीत सातेरी माश्यांचे मोहोळ होते. आपण काठीने झुडूप सारून विचारले, "बाई, हे गबाळ कशाला राखलंय?" मी म्हणाले, "साहेब, यात माश्या ऱ्हात्यात. त्या फुलावर फिरल्या तरच काकडी धरती." त्यावर आपण सोबतच्या मंडळींकडे वळून म्हणालात, "माश्या काय, गटारावर पण असतात!" मंडळी हसली. हाताखालच्यांना हसावेच लागते, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. स्पर्धेत भाग घेणार नाही, असे मी त्याच दिवशी लेखी दिले.

२. मे अखेरीस सून अमृता हिच्या बाळंतपणासाठी मी मंचरला होते. नातीला घेऊन परतले तेव्हा बांध काळा पडला होता. ढोलीत पेटते बोळे कोंबून वरून सिमेंट लिंपले होते. शेजारी सावळाराम मान खाली घालून म्हणाले, "वैनी, मी आडवा झालो व्हतो. म्हनलं, बाई घरी न्हाई, दोन दिस थांबा. तर म्हनले, वरून हुकूम हाय." वर बसलेल्या माणसाला फळ कशाने धरते हे ठाऊक नसावे, याचे मला नवल वाटले नाही. खुर्चीला फुले येत नाहीत.

३. श्रावणात वेल फुलांनी भरले. काकडी बोटाएवढी होई, पिवळी पडे आणि गळे. सावळारामांच्या वेलांचीही तीच गत. तक्रार केल्यावर आपले सहायक श्री. राकेश आले. सरीत घोटाभर पाणी साचले होते. ते बांधावरूनच वेलांकडे पाहत राहिले आणि 'पाण्याचा ताण' असा शेरा लिहून गेले. शेरा लिहिताना त्यांच्या डोक्यावर छत्री होती.

४. काकडी गेली. भोपळा तरी वाचावा म्हणून मी व अमृताने माश्यांचे काम हातात घेतले. नर फूल तोडायचे, त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला दांडा मादी फुलात फिरवायचा. बाळ उंबराला टांगलेल्या झोळीत असे. अमृताची कंबर अजून सावरलेली नव्हती. एक ओळ ती वाकून करी आणि दुसरी रांगत. ते पाहून मला जे वाटले ते सरकारी मराठीत लिहिता येत नाही. सावळाराम पहिल्यांदा हसले, "वैनी, फुलांची लग्नं लावायला लागल्या व्हय?" पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी बयाबाई आल्या, "मला बी दावा." मग आळीतल्या इतर बायका आल्या.

५. ही खबर लागताच आपण फोटोग्राफर घेऊन आलात. अमृताच्या हातातले फूल स्वतःच्या हातात घेऊन फोटो काढवलात. आता पत्रात लिहिता की, बक्षीस समारंभानंतर 'महिलांसाठी कृत्रिम परागीकरण प्रशिक्षण' आपल्या मार्गदर्शनाखाली होईल. फोटोत आपण हातातले नर फूल दुसऱ्या नर फुलात घालत आहात. त्यातून भोपळा येत नाही, महोदय. अहवाल येतो.

६. गेल्या सोमवारी आपली टोळी कोयते व रॉकेल घेऊन बयाबाईंच्या बांधावर आली. आम्ही बायका बांधावर बसलो. अमृता बाळाला पाजत मध्ये बसली आणि म्हणाली, "या, पेटवा. आमी हितंच हाय." टोळीप्रमुखाने आपले नाव घेतले. बयाबाई म्हणाल्या, "मग त्यांनाच धाडा." टोळी परत गेली, आणि पुन्हा आली तर पुन्हा परत जाईल. ढोलीचे सिमेंट सावळारामांनी पहारीने फोडले आहे. मोहोळ अद्याप आलेले नाही. निरगुडीला मात्र फुटवे आले आहेत. भोपळे धरले, पण दरवर्षीच्या निम्मेही नाहीत.

सबब, मी समारंभास येणार नाही. शाल आपणच पांघरावी. उजाड करण्याचे श्रम आपले आहेत. मला भरपाई नको. परंतु वेलांवर अजून फुले येत आहेत, माश्या नाहीत आणि अमृताला विश्रांती हवी आहे. करिता तिच्या जागी आपल्या कार्यालयातून एक माणूस मिळावा. आपण स्वतः आलात तरी आमची हरकत नाही. मात्र उजाडताच यावे. उन्हे चढली की फुले मिटतात, आणि साहेब वाटेत आहेत म्हणून ती थांबत नाहीत.

आपली
('नम्र' हा शब्द विचारपूर्वक वगळला आहे),

द्रौपदा जयवंत रणपिसे
मु. पो. शिनोली

सोबत : निमंत्रणपत्रिका, न वापरता परत.