हन्नेकेच्या कानात

पाचोरा, रविवार संध्याकाळ, १९९१

आज भाच्याच्या लेकीचं बारसं झालं. त्याला बहीण नाही, म्हणून आत्याचा मान माझा. मी 'मुक्ता' ठरवलं होतं, गल्लीभर सांगूनही बसले होते. आणि ऐन पाळण्याशी सूनबाईनं, ती हॉलंडची, हळूच विचारलं, "आत्या, हन्नेके चालेल?" तिची आई योहाना गेल्या वर्षी वारली, नातीचं तोंड न बघता. योहाना म्हणजे देवानं कृपा केली. त्यांच्याकडे नातीला आजीचं नाव देतात, योहानाचं 'हन्ने' करून लाडानं 'के' जोडून धाकटं करतात. आपण सखूची सखुली करतो, तसंच की.

शेजारची कमल म्हणाली, "अक्का, हाई नाव लेता लेता मनी कवळी पडी जाई." नाव घेता घेता तिची दातांची कवळीच पडेल म्हणे! बाया हसल्या. सूनबाईनं मान खाली घातली.

मुक्तासाठी जीव हळहळला का? हळहळला. पण आई नसलेल्या लेकीला नाही कसं म्हणायचं? वाकले आणि बाळाच्या कानात स्पष्ट सांगितलं, हन्नेके. तो 'के' जरासुद्धा अडखळला नाही.

निघताना कमलनं विचारलंच, "असं नाव ठेवलं तरी कोणी?"

म्हटलं, "मी. आत्या मीच ना?"