डंपाखालचा शेवटचा पाईप

४ ऑगस्ट
पोचलो एकदाचे! क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात कपडे वाळत घालायची तार. हिने आल्या आल्या तारेचा ताबा घेतला. तारेपलीकडे खाणीचा डंप, म्हणजे कोळशावरची दगडमाती काढून टाकून टाकून झालेला डोंगर. ही म्हणाली, घरबसल्या डोंगराची हवा. हा डंप आणि त्यातून निघणारं पाणी तपासायचं, ही माझी नोकरी. आधीचे इन्स्पेक्टर साहेब कुणालाही न सांगता निघून गेले म्हणे. त्यांचा रेनकोट अजून खुंटीवर लटकतोय. गेले ते गेले, आमचं मात्र फावलं.

५ ऑगस्ट
पंपवाल्या काकांनी सगळं फिरून दाखवलं. डंपात मुरलेलं पाणी पायथ्याच्या पाईपांतून बाहेर चरात येतं. ते येत राहिलं तर डंप जागेवर राहतो. तुंबलं तर आत चिखल होऊन अख्खा डोंगर खाली येतो, आणि खाली आमची क्वार्टरची रांग आहे. पाईप आत तुंबला तरी तोंडाशी ठिबकतच राहतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर जायचं नाही. इन्स्पेक्टरने खांद्यापर्यंत हात घालायचा. पाणी गार लागलं, बोटांतून पळालं, तर ठीक. कोमट आणि थांबलेलं लागलं, तर रांग तिथल्या तिथे रिकामी करायची. संध्याकाळी परतताना दारादारातून एकच प्रश्न येतो, हात घातला? घातला म्हटलं की लोक निर्धास्त घरात जातात. मी जरा भावच खाल्ला.

९ ऑगस्ट
पाऊस लागून राहिलाय. शेवटच्या पाईपापर्यंत गुडघाभर चिखल. वर पाणी गंजाच्या रंगाचं, शर्टाला लागलं की निघता निघत नाही, आणि आज अंगात नवा शर्ट. लांबूनच बघितलं, ठिबकत होतं. मग परत फिरलो. दारादारात विचारलं, तेव्हा घातला म्हणालो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही याचंच नवल वाटलं.

१२ ऑगस्ट
आता रोजचंच झालंय. शर्ट धुताना हिने थट्टा केली, चिखलात काम करता की लग्नाला जाता, बाह्या इतक्या कोऱ्या कशा? मी म्हटलं, दुमडून घेतो. हसली बिचारी. आज शेजारची बाळंतीण दारात उभी होती, बाळ खांद्यावर. तिनेही विचारलं. तिच्या तोंडावर खोटं बोललो. मला माझीच लाज वाटतेय. उद्या काही झालं तरी हात घालणार.

१३ ऑगस्ट
नाही घातला. उशीर झाला होता. म्हणजे, मीच उशीर केला.

१६ ऑगस्ट
आज उघाड होती, कडक ऊन. तरी कपडे ओलेच. दिवसभर तारेवर सावली. आलो तेव्हा डंप अंगणाच्या बराच पलीकडे होता. आता तारेवरून हात लांब केला तर दगडाला लागेल. हिला दाखवलं. ती म्हणाली, होता तिथेच आहे, तुम्हाला झोप कमी पडतेय. दुपारी मागच्या भिंतीला कान लावला. पलीकडे डंपात कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाटलं. काकांना सांगायला निघालो आणि अर्ध्या वाटेतून परतलो. शेवटचा पाईप कधी बघितला, असं त्यांनी विचारलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं?

१७ ऑगस्ट
घातला. आज खरंच घातला.

पाणी कोमट. थांबलेलं. हात बाहेर काढणार तोच बोटांना बोटं लागली. माणसाची. ओढलं नाही, नुसता हात हातात घेतला, ओळखीचं कुणी भेटल्यासारखा. मी चाचपलं. मनगटावर बाही, बटण नीट लावलेलं. रेनकोट मागे ठेवून गेलेल्या साहेबांची, ते मला लगेच कळलं. आणि आतून आवाज आला, हळू, मान खाली घालून बोलावं तसा —

"घातला म्हणून सांगा. बाकीचं कोण विचारतंय?"

पळत आलो. बाळंतीण दारातच होती. हात घातला का, म्हणाली.

"घातला."

आणि ते खरं होतं. आयुष्यात इतकं खोटं कधी बोललो नसेन. ती हसली, दार लावून घेतलं. मग पुढचं दार. त्याच्या पुढचं. सगळ्यांना तेच.

१८ ऑगस्ट, सकाळ
सांगायचं तर रांग रिकामी करा, एवढं तीन शब्दांत होतं. पण मग विचारतील — कधीपासून तुंबलाय — आणि मी —

दुपार
तार तुटली. अंगण नाही. मागचं दार उघडत नाही, बाहेरून काहीतरी टेकलंय. दाराखालून पाणी. कोमट.

तोंडाने निघत नाही म्हणून लिहून बघतोय. पाईप तुंबला आहे. मी नऊ दिवस — आठ — मी बघितलाच नव्हता. झालं. लिहिता आलं. आता हेच मोठ्याने —

बाहेर बाळ रडतंय. आई त्याला गप्प करतेय, अरे साहेबांनी बघितलंय, म्हणतेय, काही होत नाही.

हिने आतून विचारलं, कसला आवाज. काही नाही, म्हणालो. काही नाही म्हणालो मी. ती पुन्हा कामाला लागली.

उठतो. आत्ता सांगतो. आधी हिला, मग बाळंतिणीला, मग सग