बक्षिशी कशाबद्दल?

६ जुलै, सोमवार

गुरुवारपासून सलून उघडणार. लॉकडाऊनची इतक्या महिन्यांची बंदी उठली एकदाची. बातमी चांगली. पण चांगली बातमी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आली की तिचं वाटोळं झालंच म्हणून समजावं.

तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड बाईंनी हातभर मेसेज टाकला. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचे काय हाल झाले असतील, तर पहिल्या खेपेला सगळ्यांनी दुप्पट पैसे द्यावेत आणि वर टिप वेगळी. खाली जोडलेले हात, रडकी तोंडं, बदाम. मग सुरू झाली चढाओढ. चौथा मजला म्हणे, आम्ही तिप्पट देऊ. पहिला मजला म्हणे, टिप हातात देऊ नका, त्याला संकोच वाटेल, ट्रेमध्ये कंगव्याखाली सरकवा. कंगव्याखाली! जगभराच्या कोंड्याखाली पैसे ठेवायचे, आणि याला म्हणे नाजूकपणा. शी!

माझं तत्त्व सरळ आहे. टिप म्हणजे जादा कामाचे जादा पैसे. तो जादा काय करतो? केस कापतो. त्याचा रेट भिंतीवर लिहिलाय. संकल्प : रेटच्या वर दमडी नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्याने तुम्हाला इतकी वर्षं किती सांभाळून घेतलंय! मी म्हटलं, सांभाळून घ्यायला मी काय काचेचं भांडं आहे? ती आत गेली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. सध्याच्या दिवसांत असा खोकला बरा नव्हे.


७ जुलै, मंगळवार

रविवारी, १९ ला, मुलीचं लग्न. मोजकी माणसं, छोटा हॉल, पण फोटोग्राफर आहे. म्हणजे केस नीट हवेत.

देवाने मला फार काही दिलं नाही, पण केस दिले. समोरून बघा, काय दाट आहेत! या वयात! आणि आमचा मेहुणा बघा, बायकोचा धाकटा भाऊ. डोकं म्हणजे घासलेलं पातेलं. घरातल्या प्रत्येक कार्यात मी फोटोला मुद्दाम त्याच्या शेजारी उभा राहतो. फरक दिसलेला बरा.

त्याचाच आज फोन. म्हणाला, भाऊजी, मी तर सलूनवाल्याला तिप्पट देऊन आलो आगाऊ. कानामागच्या चार केसांसाठी तिप्पट! वर म्हणतो, आपल्यासारख्यांवर या लोकांचे फार उपकार असतात. आपल्यासारख्यांवर! मला त्याच्या पंक्तीला बसवतोय. जळतो मेला. फोन ठेवल्यावर चूळ भरावीशी वाटली.

बंदीत बायकोने एकदा माझे केस कापले होते. दुधाची पिशवी कापायच्या कात्रीने. कात्रीला अजून वास होता. मागच्या बाजूला आली आणि थांबली. म्हणाली, इथे मी काही हात लावत नाही बाई. शेवटी जमत नाही ते जमत नाही. निदान कबूल केलं.

तेव्हापासून गच्चीवर चालायला गेलो की डोक्याच्या मागच्या बाजूला चुरचुरतं. नवा शाम्पू भिकार आहे. मुलीचं उन्हाचं क्रीम चोपडतो, मग बरं वाटतं.


८ जुलै, बुधवार

सलूनला फोन केला. आवाज ओळखून म्हणाला, साहेब, रोज तुमची आठवण यायची. येणारच. असे केस हाताखालून जायची सवय लागली की चैन कशी पडेल कारागिराला? शुक्रवारची वेळ दिली. म्हणाला, तुमची कोपऱ्यातली खुर्ची धरून ठेवतो.

ही कोपऱ्यातली खुर्ची म्हणजे मान आहे. तिच्या मागे भिंत, दुसरं कुणी नाही. बाकीचे मधल्या खुर्चीत, बाकावरच्या लोकांच्या नजरेखाली. मला इतक्या वर्षांत त्याने एकदाही मधल्या खुर्चीत बसू दिलेलं नाही. गिऱ्हाईक ओळखतो.

ऑफिसची व्हिडिओ मीटिंग. पेन पडलं म्हणून वाकलो, तर साहेब म्हणाले, तुमच्याकडे काहीतरी फार चमकतंय. ट्यूबलाइट असणार. हसायला काय झालं कोण जाणे. कामं सोडून हसत बसतात. वीट आलाय मला या ऑफिसचा.


९ जुलै, गुरुवार

टिपवर आणखी विचार केला. पैसे देणं हा कलेचा अपमान आहे. मी त्याला दोन शब्द सांगणार, अनुभवाचे. शिवाय एक भेट. कपाटात ऑफिसातून मिळालेली सेंटची बाटली आहे, काचेची, भारी, फवारा असलेली. बायको म्हणाली, अहो, ती केव्हाच संपलीय. मी हलवून बघितली. तळाला आहे थोडं.

मुलगी म्हणाली, बाबा, मी देऊ का टिपचे पैसे? तरुण पिढीला तत्त्व कशाशी खातात हे माहीत नाही.


१० जुलै, शुक्रवार

जाऊन आलो. अंघोळ करून लिहितोय, दोनदा.

दारातच हातावर जंतुनाशक ओतलं. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. अंगावर कागदी झगा, मानेला चिकटणारा. कोपऱ्यातल्या बादलीत आधीच्यांचे केस, काळे-पांढरे सगळे एकत्र. मी बादलीकडे पाठ केली.

कारागीर वाळलाय. मास्कच्या वर नुसते डोळे राहिलेत. एसी दिसला नाही, विकला म्हणाला. हाताखालचे दोघे गावी गेले ते आले नाहीत. बंदीत तो घरोघर पार्सलं पोचवत होता. हे ऐकून मी त्याला परत हात धुवायला लावले. त्याने धुतले.

काम मात्र नेहमीसारखं. समोरचं झटक्यात उरकलं, आणि मागे मात्र घोळत बसला. डावीकडून विंचर, उजवीकडून विंचर, पाणी मार, दाब, पुन्हा विंचर. मी म्हटलं, किती वेळ? तर म्हणे, झालंच साहेब. मग हातआरसा मागे धरून दाखवलं. उजवा कान, मान, डावा कान. आरसा असा झर्रकन फिरवतो की बघत राहावं. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, झकास.

मग पैसे. रेटप्रमाणे, सुट्टे. बाटली दिली. आणि दोन शब्द सांगितले की बाबा रे, लोक दया म्हणून देतात ते घेऊ नकोस, दया माणसाला लुळं करते. टिप जादा कामाची असते. तूच सांग, तू माझ्यासाठी जादा काय केलंस?

त्याने बाटलीकडे बघितलं. म्हणाला, काही नाही साहेब. नेहमीचंच.

बघा! माणूस प्रामाणिक आहे, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. बाहेर पडताना चौथा मजला आत शिरला, आणि बसायच्या आधीच कंगव्याखाली नोट सरकवली. मला बघून हसला. ओंगळ माणूस.


१४ जुलै, मंगळवार

केस बसत नाहीत. सकाळी ठीक, पंख्याखाली गेलो की मागे गारगार लागतं. बायको म्हणाली, लग्नाच्या आदल्या दिवशी पुन्हा बसवून या. पुन्हा पैसे? छे! काम कच्चं केलंय त्याने. शनिवारी जाणार आणि फुकट करून घेणार. आधी टिप दिली नाही हे किती बरं झालं. दिली असती तर आज कपाळ बडवत बसलो असतो.

मुलगी फोटोग्राफरशी फोनवर कुजबुजत होती. मी आल्यावर फोन ठेवून दिला. लग्नाआधी मुलींचं असं होतं.


१८ जुलै, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

निघताना डोक्याला क्रीम चोपडलं, ऊन होतं. सलूनमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीत चौथा मजला, गालभर फेस. कारागिराचा वस्तरा त्याच्या गळ्यावर. मला बघून म्हणाला, साहेब, पाच मिनिटं थांबा, हे झाले की तुमची खुर्ची मोकळी. मी म्हटलं, घरात कार्य आहे, मला थांबायला वेळ नाही. तुझं काम कच्चं राहिलंय, ते पुरं करून घ्यायला आलोय. आणि बसलो मधल्या खुर्चीत.

तिथे एक मुलगी होती. त्याची पुतणी, नुकता कोर्स केलेली. माणसं नाहीत म्हणून मदतीला आली होती. ती म्हणाली, मी करते काका. कारागीर तिकडून ओरडला, नको नको, मी येतो. मी म्हटलं, करू दे तिला, शिकू दे. वस्तरा गळ्यावर असल्यामुळे त्याला हलता येईना. पण डोळे मात्र सारखे माझ्याकडे. मला वाटलं, गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरलाय.

पोरीने पाणी फवारलं. माझ्याच सेंटच्या बाटलीतून. चीड आली. तिने भराभर विंचरलं, सरळ मागे. दोन मिनिटांत काम उरकलं. मग हातआरसा घेतला आणि म्हणाली, मागचं बघून घ्या काका. आरसा धरला सरळ, न हलवता, नीट.

आरशात बाकावरचा माणूस दिसत होता. म्हणजे त्याचं डोकं, पाठमोरं. काय ते डोकं! मधोमध बशीएवढी चकचकीत जागा, उन्हाने सोललेली, त्यावर पांढरं काहीतरी फासलेलं. भोवती ओल्या झिपऱ्या. मी पोरीला म्हटलं, आरसा नीट धर, हे त्या मागच्या गृहस्थांचं दिसतंय. मोठ्याने म्हटलं. आणखीही म्हटलं. म्हटलं, शी, असलं डोकं घेऊन लोक चारचौघांत येतात तरी कसे, टोपी घालायची माणसाने, लाज नाही का!

पोरीने वळून बघितलं. बाक रिकामा होता.

मला चुरचुरलं म्हणून मी डोक्याला हात लावला. आरशातल्या गृहस्थांनीही लावला. माझ्या बोटाला क्रीम लागलं.

पुढचं मला फारसं आठवत नाही. चौथा मजला फेसातून छताकडे बघत होता, एवढं आठवतं. कारागीर आला. पोरीच्या हातातून आरसा काढून घेतला. पोरगी रडवेली झाली होती, सॉरी काका, सॉरी काका करत होती. तो म्हणाला, काही झालं नाही साहेब. इकडे बसा. नेहमीचं करून देतो.

कोपऱ्यात बसलो. त्याने आधी क्रीम पुसलं. मग डावीकडून विंचरलं, उजवीकडून विंचरलं, पाणी, दाब, पुन्हा विंचर. या वेळी मी किती वेळ म्हणून विचारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याला विचारलं, कधीपासून? म्हणाला, असेल की साहेब, तुमच्या मुलीची शाळा सुरू झाली त्या सुमारापासून. मुलीचं उद्या लग्न आहे.

शेवटी आरसा. उजवा कान, मान, डावा कान. म्हणाला, बरोबर? मी म्हटलं, झकास.

पाकीट काढलं. होतं तेवढं सगळं काढलं. तो म्हणाला, एवढे कशाला साहेब, मी जादा काहीच केलं नाही. हसत नव्हता. मीच ते ट्रेमध्ये कंगव्याखाली सरकवले. कुणाचा कंगवा होता ते बघितलं नाही. त्याने लगेच उचलून खिशात टाकले, आणि पोरीला म्हणाला, साहेब आले की कोपऱ्यातली खुर्ची, लक्षात ठेव.

घरी आलो. बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही आव आणताय. मग एकदा लक्षात आलं की खरंच माहीत नाही. म्हटलं, राहू दे बिचाऱ्याला खूश.

बिचाऱ्याला! किळस आली. आज पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाची नाही.


१९ जुलै, रविवार

लग्न छान झालं. मुलगी सुंदर दिसत होती. निघताना गळ्यात पडली आणि एक हात माझ्या डोक्यामागे धरून उभी राहिली, सगळे फोटो काढून होईपर्यंत. तेव्हा कळलं, ती फोटोग्राफरशी काय कुजबुजत होती ते. मी रडलो. लोकांना वाटलं, मुलगी सासरी चालली म्हणून. तेही होतंच.

फोटोसाठी मेहुण्याच्या शेजारी उभा राहिलो, सवयीने. तो कानात म्हणाला, भाऊजी, शेवटी किती दिलेत सलूनवाल्याला? मी आकडा सांगितला. तो म्हणाला, स्वस्तात सुटलात.

सगळे गेल्यावर फोटोग्राफर आला. त्याचे ठरलेले पैसे मी आधीच दिले होते. तरी घुटमळत उभा. म्हणाला, काका, काही फोटो शिडीवरून घेतलेत, वरून. छान आलेत. पण म्हटलं अल्बममध्ये घालायचे की नाही, तुम्हालाच विचारावं.

जादा काय केलंस, असं मी त्याला विचारलं नाही. पाकीट काढलं.