मंगळवारी कापलेलं भात

मंगळ., ४ नोव्हें.
आज देवीचा वार. देवीची जत्रा होईपर्यंत मंगळवारी शेतात विळा लावायचा नाही, हे गाव ग्रा.पं. नव्हती तेव्हापासून पाळतंय. पण उद्या पाऊस सांगितलाय. पार्वतीआक्का एकटी, नवरा वारलेला, भात आडवं झालेलं. सकाळी विचारायला आली. म्हटलं, "काप. पंचायतीची अध्यक्ष मी हाय न्हवं? कोण काय बोलतंय बघू." लई शहाणी मी.

बुध., ५
पाऊस आलाच नाही. देवीचे पंच मात्र बसले, देवळाच्या कट्ट्यावर. हे पण त्यात. सासऱ्यांच्या मागं पंचाचा मान ह्यांना. ठरलं: आक्का देवीपुढं चूक कबूल करेपर्यंत तिच्या मळणीला कुणी जायचं नाही.
कुणाच्या सांगण्यावरून कापलंस, विचारलं. "माझ्याच मनानं," म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. मी पायरीखाली बायकांत उभी. तोंड उघडलं नाही. लाज वाटते.

गुरु., ६
पीडीओंना, पंचायतीच्या सरकारी अधिकाऱ्यांना, फोन. "मॅडम, देवळाचं मॅटर. तक्रार लिहून द्या, पुढं पाठवतो." कुणाविरुद्ध लिहू? घरच्याच माणसाविरुद्ध?
जेवताना ह्यांना सांगून टाकलं, कापायला मीच लावलं. हे म्हणाले, "बाहेर बोलू नको. खुर्ची तुझी, पण गाव देवीचं." वर ऐकवलं, बांधाची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालतात, पंच एका बैठकीत मिटवतात. खोटं नाही ते. म्हणूनच तर पंचांविरुद्ध जाणं अवघड.

शनि., ८
ढग. भात तसंच पसरलेलं. भिजलं की मोड येणार, आणि आक्काचं वर्षाचं खाणं ते. म्हटलं, कबूल कर आणि मोकळी हो. "पोटासाठी कापलं. चूक कसली त्यात?"


रवि., ९
कट्ट्यासमोर जाऊन सगळ्यांदेखत सांगितलं, कापायला मी लावलं. थोरले पंच ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "मग तुमच्या घराला बी तेच." हे खाली बघत बसले.
तिथून सरळ आक्काच्या खळ्यात. दोघीच झोडतोय, हात सोलले. चारला थेंब सुरू झाले, अर्धं भात अजून बाहेर. मान वर केली तर बांधावर हे. चपला काढून हातात घेतलेल्या. खळ्यात कुणी चपला घालून येत नाही.
आक्का हळूच म्हणाली, "हाक मार की गं."
नाही मारली. यायचं तर आपल्या पायानं यावं. मी पुढची पेंढी उचलली.