पेशंटच्या बाजूची खुर्ची

मॅडम, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि आज तुमची आठवण आली ती एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून. मानसशास्त्राची पदवी घेऊन तुमच्या हाताखाली शिकायला आले, तेव्हा मी ऐटीत तुमच्या शेजारी बसले होते. तुम्ही माझी खुर्ची उचलून पेशंटच्या बाजूला ठेवलीत. "इकडून बघ. टेबलामागची बाई कशी दिसते ते कळू दे तुला." टेबलामागची बाई म्हणजे तुम्हीच. त्या दिवशी जवळा बाजार गावची एक सून आली होती, लेकरू गेल्यापासून गप्प झालेली. सासू सांगत होती, "बोलतच न्हाई हो. काहून अशी करून राहिली काय माहीत." बाहेर रांग वाढत होती. मला धीर निघेना, मी प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटले आणि बाईनं पदर तोंडाला लावला. नंतर तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंत. "रांग बाहेर हाय. ती आत कशाला आणलीस?" मग डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवलीत. शिकवण्याचं तुम्हाला कुणी काही देत नव्हतं, तो वेळ तुमच्या जेवणातून जायचा.

आता हिंगोलीतल्या एका दवाखान्यात टेबलामागं मी बसते. सोमवारी शिरड शहापूरची एक मुलगी शिकायला येते, तिला मी पेशंटच्या बाजूलाच बसवते. तिला समजावण्यात वेळ जातो, पेशंट कमी होतात. आमचे व्यवस्थापक तसे भले आहेत. परवा म्हणाले, "मॅडम, शिकवा की, न्हाई कोण म्हणतंय? पण महिन्याचा आकडा बराबर यायला पाहिजे." आज सकाळी मीच ती खुर्ची उचलून बाहेर रांगेत ठेवली. मुलगी आली, खोलीभर बघत राहिली.

"मॅडम, मी कुठं बसू?"

"आज गर्दी आहे गं. नंतर बघू."

"व्हय," म्हणाली आणि बसस्टँडकडे निघून गेली.

पेशंट भराभर निघाले. मला मात्र दिवसभर फार एकटं वाटलं. तिला शिकवताना तुमची वाक्यं माझ्या तोंडी यायची, आवाजसुद्धा तुमचाच निघायचा. तेवढ्यापुरत्या तुम्ही खोलीत असायचात. लोकांना वाटायचं, मी फुकट शिकवते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. शेवटी, 'पुढच्या सोमवारी खुर्ची आत आणते,' असं लिहायला घेतलं होतं. पण मॅडम, तुमच्याशी खोटं बोलवत नाही.