आखूड दांड्याची मोटर

बाबा, तुमच्या नावेला मी मोटर लावली. चिडायचं असेल तर चिडा, मी गेले दोन महिने चिडलेलीच आहे. कुणी मोटरचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, "मोटर लावायची तर रिक्षाच घेतली असती." लोक हसायचे, विषय संपायचा. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी ते वाक्य माझ्यामागे दुकानोदुकानी फिरलं. मार्केट यार्डाजवळच्या पंपवाल्याकडे साधी चौकशी करायला गेले, तर त्याने चष्म्यावरून पाहून विचारलं, "नाव ठेवता कुठे? कर्वेनगरात, पार्किंगमध्ये?" ती पार्किंगमध्येच असते, ताडपत्रीखाली, पण हे त्याला कशाला सांगू.

अट आईची होती. तिला एकोणऐंशी पूर्ण झाली. मध्यंतरी चहा गाळता गाळता आपणहून म्हणाली, "एकदा बसेन म्हणते नावेत. पण मोटर बसव. ह्यांच्या वाऱ्यावर माझा भरवसा नाही." तीस वर्षांनी म्हणाली. तिचे गुडघे बघता पुढच्या वर्षी विचारण्यात अर्थ नाही, म्हणून मी त्याच आठवड्यात मोटर शोधायला लागले.

तीस वर्षांपूर्वीचा तो रविवार तुम्हाला आठवत असेल. खडकवासल्याला भर दुपारी वारा पडला, शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. वल्ही तुम्ही मुद्दाम घरी ठेवलेली, कारण वल्ही घेतली की माणूस आळशी होतो म्हणे. आई पुढच्या फळीवर बसली आहे, आमच्याकडे पाठ करून. तीनदा विचारते, "परत कधी?" तुम्ही तीनदा सांगता, "येईल वारा." चार तास. संध्याकाळी काठाला लागलो तेव्हा ती तडक झाडीकडे चालती झाली आणि पुन्हा कधी नावेत बसली नाही. तुम्ही म्हणालात, "हिला पाण्याची भीती." तिला लघवीला जायचं होतं, बाबा. चार तास तिने ते सोसलं. मला हे तिने यंदा सांगितलं, तुम्हाला कधीच नाही. याचा मला इतका राग येतो, आणि तो काढायला तुम्ही नाही.

तर मोटर. पेट्रोलची दोरी ओढायला माझा खांदा उरलेला नाही, शिवाय पिण्याचं पाणी, त्यात तेल कशाला सांडा. म्हणून बॅटरीवरची ठरवली. मग प्रश्न आला, दांडा आखूड की लांब? आखूड घेतला तर पंखा पाण्यात पुरेसा बुडत नाही, लांब घेतला तर उथळात चिखलाला लागतो. फोनवरचा विक्रेता रोज विचारायचा, "मॅडम, माप घेतलं का?" शेवटी नाव पाण्यात उतरवली, तुमच्या जागी मागे बसले, मागल्या फळीच्या काठापासून पाण्यापर्यंत टेप लावली. दोनदा मोजलं. आखूड दांडा अगदी बरोबर. तुमच्याच शिस्तीने केलं सगळं.

गेल्या रविवारी आईला धरून नावेत उतरवलं, लाइफ जॅकेट घातलं, पुढच्या फळीवर बसवलं. काठापासून जेमतेम वीस हात गेलो आणि पंखा फडफडायला लागला. पुढे आईचं वजन, मागची बाजू वर उचललेली, पंखा अर्धा हवेत. मोटर नुसती किंचाळत होती, नाव जागची हलेना. मला रडायलाच आलं. मी माप घेतलं होतं ते एकटीच्या नावेचं. जिच्यासाठी एवढा उपद्व्याप केला, तिला मी हिशेबातच धरलं नव्हतं. यात तुमची चूक कुठली आणि माझी कुठली, हे मला अजून सांगता येत नाही.

आईने मागे वळून पाहिलं. "बिघडली?"

"नाही. तू पुढे बसलीस म्हणून होतंय."

"मग आधी सांगायचं नाही का?" म्हणाली, आणि बसल्या बसल्या फळ्यांवरून सरकत माझ्या शेजारी आली. मागची बाजू खाली बसली, पंखा बुडाला, आवाज बंद. नाव चालायला लागली. ती बराच वेळ शीड, सुकाणू, माझे हात बघत होती. मग म्हणाली, "इथून सगळं दिसतं की. ह्यांनी मला कायम पुढे का बसवलं?"

तुम्ही याचा कधी विचारच केला नसेल. पलीकडच्या काठापर्यंत गेलो. पोचल्यावर आई "पुरे झालं" म्हणाली. मी तिथेच नाव वळवली.

मोटर पाठवतानाच विक्रेत्याने सांगितलं होतं, माप चुकलं तर आठ दिवसांत फोन करा, बदलून लांब दांड्याची देतो. आज नववा दिवस. घरात मी सांगितलंय की फोन लागला नाही. बाबा, मी फोन केलाच नाही. लांब दांडा आला की ती पुन्हा पुढे जाऊन बसेल.